चहाच्या आधीचं बोलणं

पिंपळधरीत कायदे पुष्कळ, पण पाळला जाणारा एकच. पाडव्याच्या सकाळी सालदार मालकाच्या ओट्याच्या पायरीवर येऊन बसतो. वर्षभराच्या पगाराचं, धान्याचं, कपड्यांचं बोलणं होतं आणि मग आतून चहा येतो. चहा सालदाराच्या घशाखाली उतरला की साल ठरलं. मग मालकाने डोकं आपटलं तरी एक रुपया कमी होत नाही आणि सालदाराने गळा काढला तरी पायलीभर गहू वाढत नाही. ज्याला साल सोडायचं असेल तो चहाला हात लावत नाही, गूळ-कडुनिंब तोंडात टाकतो आणि उठतो. सही नाही, शिक्का नाही. जे काही बोलायचं ते चहाच्या आधी.

म्हणून पाडव्याला इथे चहाच्या पातेल्यावर घरातल्या जाणत्या बाईचा पहारा असतो. मागे एकदा प्रभाकररावांच्या घरी नागपूरची नवी सून आली होती. सासरे अंघोळीला गेलेले, सालदार पायरीवर बसून आपलं मागणं एकटाच घोकत होता. दारात माणूस दिसल्यावर त्या पोरीने माहेरच्या वळणाप्रमाणे त्याला चहा नेऊन दिला. त्याने मागणं मोठ्याने एकदा म्हटलं आणि घटाघटा पिऊन टाकला. प्रभाकरराव टॉवेलावर बाहेर आले तेव्हा त्यांचं साल ठरून गेलं होतं. ते तणतणत किसनरावांकडे न्याय मागायला गेले, तर किसनराव मिशीत हसत म्हणाले, "चहा पोटात गेला की बोलणं संपलं, प्रभाकर." प्रभाकररावांनी ते साल निमूट भरलं. शब्द मात्र जपून ठेवले.

किसनरावांकडे न्यायाला जायचं कारण असं, की त्यांच्या ओट्यावर जे ठरतं तोच गावाचा भाव. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, टमाटर पिकवणारी आठ-दहा घरं, सगळ्यांचा माल वर्धेच्या बाजारात जातो आणि सगळ्यांचे सालदार पाडव्याला किसनरावांच्या दारासमोरच्या निंबाखाली जमून वाट पाहतात. आत काय ठरलं ते कळलं की आपापल्या पायरीवर जायला मोकळे. किसनराव सौद्यात कधी हरले नाहीत अशी त्यांची ख्याती. ती त्यांनी स्वतःच पसरवलेली होती, पण खोटी नव्हती.

अशा या किसनरावांना त्या वर्षी पाडवा जवळ येऊ लागला तसा घास गोड लागेना. कारण एकच, डोमाजी.

डोमाजी त्यांचा सालदार. दोघं जवळपास एका वयाचे, साठीला टेकलेले. तरुणपणी विहिरीचं बांधकाम दोघांनी मिळून केलं होतं. धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची, लिंबाची झाडं डोमाजीने लावली, वांग्याच्या रोपाशी तो बोलत असे आणि रोपं त्याचं ऐकतही असत, असं किसनरावांच्या बायकोचं, नलूबाईंचं म्हणणं. पण भाजीचं सगळं काम उकिडवं बसून. निंदण उकिडवं, तोडणी उकिडवी, जुड्या बांधणं उकिडवं. त्या हिवाळ्यात डोमाजी वाफ्यात खाली बसला तो उठेचना. सावंगीच्या दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरने दोन्ही गुडघ्यांच्या गाद्या झिजल्याचं सांगितलं. "आता मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही," असं म्हणून तो पुढच्या पेशंटकडे वळला.

बसायचं नाही म्हणजे शेतावर यायचंच नाही. आणि सालदाराचं साल सुटलं की त्याला मागे काय उरतं? या प्रश्नाचं उत्तर पिंपळधरीत सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कोणी तो विचारत नसे.

"त्याले महिन्याचे महिन्याले काही देत जाऊ," किसनराव एकदा जेवताना म्हणाले.

"घेईन तो?" नलूबाईंनी भाकरी वाढत विचारलं.

दिवाळीत किसनरावांनी पगारावर थोडे जास्तीचे पैसे डोमाजीच्या घरी पाठवले होते. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच किमतीचा भुईमूग पोत्यात भरून डोमाजीने यांच्या ओट्यावर आणून टाकला होता. काम केल्याशिवाय एक पैसा त्याने आयुष्यात घेतला नव्हता. आणि चहा प्यालेलं साल आयुष्यात मोडलं नव्हतं. या दोन गोष्टींवर त्याची मान ताठ होती, आणि गुडघे गेल्यावर माणसाकडे ताठ असं दुसरं उरतं तरी काय.

किसनरावांच्या लेकीने एक रस्ता काढून पाहिला. आकांक्षा वर्धेला बँकेत होती. पाडव्याच्या आधीच्या रविवारी तिने सगळ्या भाजीवाल्यांना ओट्यावर बसवलं आणि समजावून सांगितलं. सरकारची पेन्शन योजना आहे, सालदाराच्या नावाने खातं उघडायचं, थोडे त्याचे, तेवढेच मालकाचे, साठी झाली की दरमहा पेन्शन घरी येते. "मले बँकेत पहिल्या पगारापासून कापते," ती म्हणाली, "अन् बँक आपल्याकडून टाकते ते वेगळं. तसंच."

"तू खुर्चीवर बसतं बाई," प्रभाकरराव म्हणाले. "आमचे सालदार कुठी ऑफिसात हायेत? आज त्यायले पेन्शन देजो, उद्या बैल मागन."

"बैलाले तं तुमी देताच," नलूबाई आतून म्हणाल्या. "तुमचा म्हातारा ढवळ्या दोन वर्सांपासून नुसता बसून कडबा खाऊन राह्यला."

सगळे हसले. प्रभाकररावही हसले, पण मुद्द्यावरून हलले नाहीत. नलूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "मले एवढंच सांगा," त्या म्हणाल्या, "खुर्चीवर बसते त्याले पेन्शन अन् उकिडवा बसते त्याले नाई, हा कोनता हिसाब?"

उत्तराऐवजी एकाने विचारलं, "वयाचं काय हाये त्याच्यात?" आणि आकांक्षाला सांगावं लागलं की खातं चाळिशीच्या आतच उघडतं. झालं. निमित्तच हवं होतं. निंबाखालचे निम्मे सालदार चाळिशीच्या पुढचे. सभा उठली. किसनराव ओट्यावर एकटेच बसून राहिले. योजना चांगली होती, पण ज्याच्यासाठी त्यांनी ती ऐकली तोच तिच्यात बसत नव्हता.

पाडवा उजाडला. गुढी उभी राहिली, साखरगाठी लटकल्या. किसनरावांनी नवं धोतर नेसलं आणि तोंडातल्या तोंडात वाक्यं जुळवत पायरीकडे नजर लावून बसले. 'डोमाजी, तू आता आराम कर.' छे, हे तर हाकलल्यासारखं. 'डोमाजी, तुह्या गुडघ्याचं पाहून...' छे. एवढा सौदेबाज माणूस, पण एक वाक्य जमेना.

डोमाजी काठी टेकत आला. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा. पायरीवर बसताना त्याला दोनदा थांबावं लागलं. किसनरावांनी मदतीला हात पुढे केला आणि त्याला आवडणार नाही म्हणून मागे घेतला.

"बोल डोमाजी."

"तुमी काई बोलू नका भाऊ. मीच बोलतो." डोमाजीने खिशातून विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीची किल्ली काढली आणि किसनरावांच्या पायाशी ठेवली. "औंदा मी साल सोडून राह्यलो. गडी चांगला पाहून ठेवजा. वांग्याच्या रोपाले सकाळी पाणी द्याचं, दुपारी नाई, हे त्याले सांगजा."

सुंठीवाचून खोकला गेला, असं किसनरावांना वाटायला हवं होतं. त्याऐवजी त्यांची नजर किल्लीवर अडकली. त्या किल्लीची दोरी डोमाजीच्या घामाने काळी झाली होती. त्यांना रडू आलं, आणि पाडव्याच्या दिवशी ओट्यावर बसून रडणं बरं दिसत नाही म्हणून ते गुढीकडे पाहत राहिले.

"पुढं कसं करशील?" त्यांनी विचारलं.

"पाहीन काई. बकऱ्या घेतो दोन." दोन पावलं चालायला ज्याला काठी लागते तो बकऱ्यांच्या मागे कसा फिरणार, हे दोघांनाही कळत होतं.

"महिन्याले मी..."

"भाऊ." डोमाजीने एवढंच म्हटलं, आणि किसनरावांचं वाक्य तिथेच मेलं.

नलूबाई गूळ-कडुनिंबाची वाटी घेऊन आल्या. डोमाजीने चिमूटभर तोंडात टाकलं आणि काठीवर जोर देऊन उठू लागला. "आता निघतो वैनी."

"निघता कुठी? साल सोडलं ना तुमी?"

"सोडलं."

"मंग आता सालदार नाई तुमी या घरचे. पाहुने हाये. पाहुना पायरीवर बसत नाई. बाजीवर बसा."

डोमाजी या ओट्यावर इतक्या वर्षांत बाजेवर कधी बसला नव्हता. तो नको नको म्हणत असताना नलूबाईंनी बाजेवर चादर झटकली, किसनरावांनी त्याला धरून बसवलं आणि त्याच्या गुडघ्यांना जरा बरं वाटलं. मग नलूबाई दोन कप घेऊन आल्या. आलं ठेचून घातलेला, दाट दुधाचा चहा.

डोमाजी कपाकडे पाहत राहिला.

"पाहुन्याले इच्यारून देतेत का चहा?" नलूबाई म्हणाल्या. "प्या. थंडा होते."

डोमाजीने बशीत ओतला, फुंकर मारली आणि प्याला. किसनरावही प्याले. त्यांच्या डोक्यात काही नव्हतं, फक्त उद्या ही पायरी रिकामी असेल एवढंच होतं.

आणि तेवढ्यात फाटक वाजवत प्रभाकरराव आले, दर वर्षी येतात तसे भाव विचारायला. त्यांनी आधी डोमाजीला बाजेवर पाहिलं, मग त्याच्या हातातली बशी पाहिली, मग खाली पडलेली किल्ली.

"झाला का चहा? काय ठरलं?"

"काई नाई," किसनराव म्हणाले. "डोमाजीनं साल सोडलं."

"सोडलं? अन् चहा पेला?"

डोमाजीने बशीत पाहिलं. बशी रिकामी होती.

"हा पाहुन्याचा चहा व्हय," तो घाईने म्हणाला. "वैनी बोलल्या तसं. मी पाहुना."

"पाहुना?" प्रभाकररावांचा चेहरा असा फुलू लागला की पाहणाऱ्याला वाटावं यांच्या घरी बारसं आहे. "तुहं घर कुठी, तं त्या बोरीच्या पल्याड. पाडव्याच्या सकाळी गावातला सालदार गावात पाहुना कधीपासून झाला बे? काऊन किसन, तूच म्हनलं होतं ना मले? चहा पोटात गेला की बोलनं संपलं."

"अरे पन त्याची तब्येत..."

"माही तब्येत इच्यारली होती का तू तवा? मी टॉवेलावर होतो." एवढ्या वर्षांचं जपलेलं वाक्य हाती आलं होतं, ते प्रभाकरराव सहजासहजी सोडणार नव्हते. त्यांनी मागे वळून निंबाखाली हाक मारली. "या बे सारे, या. किसनरावचं साल ठरलं."

सालदार उठून ओट्यापाशी आले. त्यांत प्रभाकररावांचा सूर्यभानही होता, पाठीतून वाकलेला, केस सगळे पांढरे.

आता किसनराव सावध झाले. सौद्यातला माणूस तो. समोरचा रागाच्या भरात आपल्यालाच हवं ते गळ्यात बांधू पाहतोय, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. फक्त देवाला कळू द्यायचं नसतं की आपण आंधळे होतो.

"प्रभाकर, असं नको करू," ते रडवेल्या आवाजात म्हणाले. "मी मरून जाईन. मले दुसरा गडीबी ठेवाच लागन. दोन सालं एका वावरातून कशी निंगतीन?"

"ते तू चहाच्या आधी पाह्याले पायजे होतं."

"बरं, साल ठरलं म्हन. पन पगाराचं तं बोलनंच झालं नाई."

"नाई झालं तं मागच्या वर्साचाच राहीन. तसाच कायदा हाये." प्रभाकररावांनी सालदारांकडे पाहिलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. तसाच कायदा होता.

"पगार देईन बाप्पा. पन मंग कामाचं..."

"कामाचं बोलनं झालं चहाच्या आधी?"

"नाई."

"मंग काम नाई," प्रभाकररावांनी निकाल दिला. "पगार द्याचा अन् काम सांगाचं नाई. आता रड."

किसनरावांनी उपरण्याने तोंड झाकलं. गावाला वाटलं ते खचले. खरं म्हणजे हसू आवरण्याची दुसरी सोय नव्हती.

"मले नाई पायजे असं," डोमाजी काठी आपटत म्हणाला. "फुकटचं मी खात नाई."

किसनरावांनी उपरणं बाजूला केलं. आता त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं आणि ते लपवायची त्यांना गरज वाटली नाही. "फुकटचं कायचं रे? धुऱ्यावरची लिंबं तू लावली. दर हप्त्याले माही बायको थैली भरून बाजारात नेते. ते झाड औंदा काय काम करते म्हनून मी इच्यारतो का त्याले? तुहं काम झालं डोमाजी. करून झालं. मलेच इतके वर्स पगार अर्धा द्याची सवय होती, अर्धा राहून गेला." मग त्यांनी आवाज चढवला, कारण सौद्यात शेवटचं अस्त्र राखून ठेवायचं असतं. "अन् साल मोडाचं असन तं मोड. चहा पेऊन साल मोडनारा पिंपळधरीतला पयला सालदार तू होशीन. सांग या पोरायले."

डोमाजीने सगळ्यांकडे पाहिलं. त्याच्या दोन ताठ गोष्टी आता एकमेकींविरुद्ध उभ्या होत्या. फुकट घ्यायचं नाही, आणि साल मोडायचं नाही. त्यातली पहिली किसनरावांनी आत्ताच काढून घेतली होती. मग वाकून, कष्टाने, त्याने किल्ली उचलली आणि खिशात टाकली. "मोटार तरी मीच चालू करीन," तो म्हणाला. "बटन उभ्यानं दाबता येते."

निंबाखालचे पोरसवदे सालदार टाळ्या वाजवू लागले. आणि त्या टाळ्यांत सूर्यभान, जो एरवी तोंड उघडत नसे, हळूच म्हणाला, "मालक, किसनरावच्या ओट्यावर ठरते तोच गावाचा भाव ना?"

प्रभाकररावांचं हसू जिथे होतं तिथेच थांबलं. त्यांनी सूर्यभानच्या वाकलेल्या पाठीकडे पाहिलं, किसनरावांकडे पाहिलं, आणि मग नलूबाईंकडे, ज्या कप गोळा करून शांतपणे आत चालल्या होत्या. करायला गेले होते गणपती आणि झाला होता मारुती.

"वैनी," ते म्हणाले, "माह्या घरी चहा ठेवला असन का?"

"ठेवला असन," नलूबाई म्हणाल्या. "तुमची सून आता हुशार झाली."

त्या आठवड्यात ओट्यावर पुन्हा सभा झाली आणि या वेळी ती प्रभाकररावांनीच बोलावली. दोन-दोन सालं एकेकट्याने ओढणं कोणालाच झेपणार नाही, हे त्यांनी तावातावाने मांडलं, जणू तेच इतके दिवस सांगत होते. चाळिशीच्या आतल्या सगळ्यांची पेन्शनची खाती आकांक्षाने उघडून दिली, अर्धे सालदाराचे, अर्धे मालकाचे. त्यापुढच्यांसाठी असं ठरलं, की वर्धेला जाणाऱ्या भाजीच्या प्रत्येक कॅरेटमागे थोडे पैसे सगळ्यांनी एका खात्यात टाकायचे आणि थकलेल्या सालदाराचा पगार त्यातून द्यायचा. खात्याला नाव काय द्यायचं यावर वाद झाला. आकांक्षाने 'निवृत्ती निधी' सुचवलं. गाव त्याला 'डोमाजीचं साल' म्हणू लागलं, आणि बँकेच्या कागदावर काहीही असलं तरी आजही तेच म्हणतं.

किसनरावांनी एकदा नलूबाईंना विचारलं, "खरं सांग. तो चहा तू जानूनबुजून देल्ला होता का?"

"साखर कमी होती का त्याच्यात?" त्यांनी विचारलं, आणि त्या सांभाराच्या जुड्या बांधत राहिल्या.

डोमाजी वर्षभर रोज सकाळी आला. बटण दाबायचा, धुऱ्यावर ठेवलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचा आणि नव्या गड्याला वांग्यांचं मन कसं राखायचं ते सांगायचा. खुर्चीवर बसतो तेव्हा आपण बँकेतल्या साहेबासारखे दिसतो, असं तो आकांक्षाला म्हणाला. तिने मोबाइलवर त्याचा फोटो काढून दिला.

पुढचा पाडवा आला. गुढी उभी राहिली. निंबाखाली सालदार जमले, प्रभाकरराव आज फाटकाशीच उभे राहिले. डोमाजी आला आणि पायरीकडे न पाहता सरळ बाजेवर बसला. किसनरावांनी घसा खाकरला. सौदेबाजाची खोड जाते थोडीच.

"हं, डोमाजी. तं औंदाचं असं हाये की..."

नलूबाई चहा घेऊन दारात पोचल्याच होत्या. डोमाजीने हात लांब करून तबकातला कप उचलला, बशीत ओतला, फुंकरही न मारता एका दमात पिऊन टाकला आणि रिकामी बशी सगळ्यांना दिसेल अशी गुडघ्यावर ठेवली.

"हं भाऊ," तो मिशी पुसत म्हणाला. "आता बोला, काय बोलाचं ते."